ऋणकोच्या हातातला कागद

मराठी वाङ्मयात सावकार जितका ठसठशीतपणे उभा राहिला आहे, तितका ऋणको राहिलेला नाही. सावकाराची बैठक, त्याची चोपडी, त्याचे गोड बोलणे आणि वेळ येताच बदलणारा आवाज, हे सारे आपल्या कथाकारांनी तपशिलाने रंगवले. ऋणको मात्र बहुधा एकाच मुद्रेत दिसतो. मान खाली आणि हात जोडलेले. त्याच्याविषयी करुणा उत्पन्न करण्यात आपले लेखक कधी कमी पडले नाहीत. परंतु ज्या कागदावर त्याने अंगठा उठवला, त्या कागदात काय लिहिले होते, हे पाहण्याची जिज्ञासा फार थोड्यांनी दाखवली. ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही, असे मला वाटते, आणि म्हणूनच तिचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

कर्जाच्या कागदाविषयीच्या दोन घटना मराठी मनात खोल रुजल्या आहेत. पहिली तुकोबांची. वैराग्य प्राप्त झाल्यावर त्यांनी घरच्या येण्याच्या खतांपैकी निम्मी भावाला दिली व स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दुसरी घटना १८७५ सालची. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि पाहता पाहता दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा दप्तरांवर अधिक होता. खते, रोखे, हुकूमनामे हाती लागतील तेवढे जाळण्यात आले. एका प्रसंगी धनकोच्या औदार्याने कागद बुडाला, दुसऱ्या प्रसंगी ऋणकोच्या संतापाने तो जळाला. कागद उलगडून वाचण्याचा प्रसंग मात्र आपल्या सामूहिक स्मृतीत सहसा आढळत नाही.

वास्तविक १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारनेच तो प्रसंग घडवून आणण्याचा प्रयत्न केला होता. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा, शेतकऱ्याला केवळ कर्जापायी कैदेत टाकू नये, धनकोने पावती व हिशेब द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट शोधली, हेही खरे. पण 'हा आकडा आला कोठून?' असे विचारण्याचा अधिकार ऋणकोला कायद्याने दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, म्हणजे या कायद्यानंतर अवघ्या चार वर्षांनी लिहिलेला. त्याकडे आपण सामाजिक टीकेचा ग्रंथ म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु ऋणकोचे चित्रण म्हणूनही तो पुढच्या बऱ्याच ललित लेखनापेक्षा सरस आहे. फुले एकट्या सावकारावर थांबत नाहीत. कचेरी, कोर्ट, तेथील कारकून, आळशी गोरा अधिकारी आणि अक्षरशत्रू शेतकरी ही सारी साखळी ते दाखवतात, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ अविद्येत शोधतात. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या हिताचा कायदाही त्याच्या कामी येत नाही, हे मर्म त्यांच्या विवेचनातून हाती लागते. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्या ग्रंथातील कचेरी अजूनही ओळखीची वाटते.

पुढच्या काळात ही साखळी विरळ होत गेली. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला, आणि त्या वास्तवदर्शनाचे कौतुक आजही होते, ते रास्तच आहे. परंतु या वळणाच्या पुढील अनेक कथा-पटांत सावकार हा एक दुष्ट इसम एवढाच उरला. दुष्ट इसम मेला किंवा पालटला की गोष्ट संपते. कर्ज कसे वाढले, व्याज कसे आकारले, पावती का दिली नाही, हे प्रश्न तसेच राहतात. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) हा साचा मोडला, असे म्हणता येईल. शिकूनही बेकार राहिलेल्या एकनाथच्या घराची कोंडी करणारा कोणी एक खलपुरुष तेथे नाही. व्यवस्थाच चहूबाजूंनी आवळत जाते. वाचून खाली ठेवले तरी मनातून न जाणारे हे पुस्तक आहे.

एक उदाहरण घेतल्यास माझा मुद्दा स्पष्ट होईल. जप्तीचा प्रसंग ग्रामीण कथेत व चित्रपटात आपण कितीदा तरी पाहिला आहे. बैल सोडून नेले जातात, चुलीवरची भांडी बाहेर येतात, घरची बाई गळ्यातल्या मण्यांवर हात ठेवते. आता १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम पाहा. ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेला लागणारी जनावरे व बियाणे, यांना हुकूमनाम्याच्या जप्तीतून ते वगळते. याचा अर्थ असा प्रसंग घडत नसे, असा नव्हे. तो घडत असे व घडतो. पण तो बेकायदेशीर आहे हे लेखकाला ठाऊक असेल, तर प्रसंगाचा अर्थच पालटतो. मग ते दैवाचे तडाखे राहत नाहीत. कोणीतरी केलेला अपराध ठरतो, आणि भोवती उभे राहून पाहणारे पाटील, कारकून व शेजारी त्याचे साक्षीदार ठरतात. अशा कथेतील करुणा अधिक भेदक होईल, उणी होणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, साहित्य म्हणजे काही कायद्याची मार्गदर्शिका नव्हे. आक्षेप मान्य आहे. ललित लेखकाने कलमे सांगावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु शेतीवर लिहिणाऱ्याने पेरणीचा हंगाम चुकवला, तर आपण त्याला दोष देतो. मग कर्जावर लिहिणाऱ्याने कागदाकडे पाठ फिरवली, तर ती सवलत कोणत्या न्यायाने द्यायची? तपशिलाशी इमान राखणे हा वास्तववादाचा पहिला नियम आहे, आणि कर्जाचे वास्तव कागदात असते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा का, तेही सांगितले पाहिजे. ऋणकोच्या दारात धरणे धरून बसण्याची जुनी रीत आपल्याला अपरिचित नाही. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तगाद्याची नोंद केलेली आहे. आजचा वसुली एजंट दारात बसतो, फोनवर बसतो, नातेवाइकांना व शेजाऱ्यांना कळवण्याची धमकी देतो. जुन्या सावकाराला जमीन हवी होती. या नव्या वसुलीदाराचे मुख्य भांडवल ऋणकोची अब्रू हे आहे. कर्ज म्हणजे लाज, ही समजूत जितकी घट्ट, तितके त्याचे काम सोपे. मान खाली घातलेला ऋणको पिढ्यान्‌पिढ्या रंगवून आपल्या साहित्याने ही समजूत नकळत घट्टच केली आहे.

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण ऋणको झाल्याने माणूस नागरिक राहत नाही, असे नव्हे. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडता न आलेल्यास तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सांगितले. बँकांनी वसुलीसाठी गुंड वापरू नयेत, हे त्याच न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये एजंटाजवळ ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र असण्याचा दंडक घातला. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, कुटुंबीय व मित्रांना त्रास देऊ नये, असे तिने १२ ऑगस्ट २०२२ रोजी स्पष्ट केले. तक्रार प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धमकी वा मारहाण झाल्यास पोलीस ठाणे आहेच.

आपल्या सीमाभागाला यातील एक गोष्ट विशेष लागू पडते. गटकर्जाच्या हप्त्यांपायी होणाऱ्या छळाच्या तक्रारी वाढल्यावर कर्नाटक शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला व पुढे त्याचा कायदा झाला. त्याच्याही आधी, मार्च २०२२ मध्ये, सूक्ष्मकर्जाचा करारनामा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आला होता. येथील किती मराठी भगिनींनी तो मराठीत मागितला असेल? भाषेच्या हक्काविषयी आपण ठराव करतो, संमेलने भरवतो, ते आवश्यकच आहे. परंतु ज्या कागदावर घरच्या लक्ष्मीची सही होते, तो तिच्या भाषेत आहे की नाही, हाही भाषेचाच प्रश्न आहे, आणि तो साहित्य मंडळाच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

गटकर्जाच्या साप्ताहिक बैठकीवर, हप्ता चुकलेल्या बाईवर आणि तिच्या दारात येऊन बसलेल्या तरुण वसुलीदारावर, जो स्वतःही बहुधा कोणाचा तरी ऋणको असतो, अजून फारसे लिहिले गेलेले नाही. नव्या कथाकारांपैकी कोणी हा विषय हाती घेईल, तर त्याने अश्रूंबरोबर पासबुकही जवळ ठेवावे, आणि निदान एका पात्राकडून त्यातले आकडे मोठ्याने वाचून घ्यावेत.