जातं, पीठ आणि कुत्रं

शंभरांपैकी ९२ मार्क मिळाले तर आपल्याकडे पेढे वाटतात. नातेवाइकांना फोन जातात, शेजारच्या मुलाला त्याच संध्याकाळी बोलणी बसतात आणि वडील ऑफिसात साहेबाच्या टेबलापाशी विनाकारण दोनदा जाऊन येतात. ‘रूनस्केप’ नावाचा एक इंग्रजी खेळ आहे. तिथे मात्र ९९ पैकी ९२ मिळवणाऱ्याचा जेमतेम निम्मा रस्ता झालेला असतो. ही अतिशयोक्ती नाही, चक्क गणित आहे. नव्याण्णवाव्या पायरीला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ब्याण्णवाव्या पायरीवर खात्यात ६५,१७,२५३ जमलेले असतात. म्हणजे एकपासून ब्याण्णवपर्यंत जेवढं मर मर मरायचं, तेवढंच पुढच्या सात पायऱ्यांसाठी पुन्हा. आपल्या शिक्षणखात्याच्या हाती हे कोष्टक लागू नये एवढीच प्रार्थना.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हे सोंग घेण्याचे खेळ. इंटरनेटवर एक भलंमोठं राज्य वसवलेलं असतं, त्यात हजारो माणसं एकाच वेळी आपापली सोंगं पाठवतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी तिरंदाज. कमरेला तलवार, डोक्याला शिरस्त्राण. आणि एवढा जामानिमा करून ही शूर मंडळी करतात काय? लाकडं तोडतात. मासे धरतात. खाणीत दगड फोडतात. घरात दिवा लावायला सांगितला तर ‘जरा थांब’ म्हणणारा माणूस तिथे दोन-दोन तास शेकोट्या पेटवत बसतो.

या उद्योगाला तिकडे ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मराठीत त्याला तयार शब्द आहे : दळण. विलो नावाच्या झाडाचं उदाहरण घेऊ. त्याच्या एका ओंडक्याला साडेसदुसष्ट गुण मिळतात. लाकूडतोडीत ९९ गाठायचे आणि पहिल्यापासून विलोच तोडला असं धरायचं (खरं तर ते झाड तिसाव्या पायरीपर्यंत तुम्हाला हात लावू देत नाही), तर १,९३,१०३ ओंडके होतात. पिशवीत मावतात २८. म्हणजे ६,८९७ खेपा. ताशी चाळीस हजार गुण धरले तरी सव्वातीनशे तास. नोकरी, लोकल, भाजी, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे यांतून रोज अर्धा तास वाचवणाऱ्या माणसाला ही लाकडं पावणेदोन वर्षांहून जास्त पुरतील. आणि हे झालं एक कौशल्य. अशी वीसहून अधिक आहेत.

इथे टीकाकाराने चष्मा सावरून ‘काय हा वेळेचा अपव्यय!’ असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. दळणाची निंदा ज्याने केली त्याला जात्याची माहिती नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपल्या आज्या सांगत, त्यात तथ्य होतं. हात एका कामात गुंतले की मन मोकळं होतं. या खेळातसुद्धा नदीकाठी दहा सोंगं मासे धरत उभी असतात आणि मासे गळाला लागेपर्यंत परीक्षा, पगार, प्रेमभंग असं काय वाटेल ते बोलत असतात. आमच्या सोसायटीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. या खेळाची २००७ सालची जुनी आवृत्ती २०१३ साली लोकाग्रहास्तव पुन्हा काढली आणि २०१८ साली ती मोबाइलवर आली. तेव्हापासून कधीतरी ते या नादाला लागले. रात्री जेवण झालं की गॅलरीत बसून अर्धा तास मासे धरतात. ‘एवढ्या माशांचं करता काय?’ असं मी विचारलं तर म्हणाले, “अहो, काही करायचं नसतं म्हणून तर बसतो. पस्तीस वर्षं शिक्के मारले. तेव्हाही तेच ते होतं, पण पाठीशी साहेब उभा होता. इथे साहेब नाही.”

साहेबरहित दळण! याला मी तरी अपव्यय म्हणणार नाही. माझी तक्रार जात्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती जात्याशेजारी कुत्रं बांधण्याबद्दल.

रूनस्केपच्या नकाशात उत्तरेला एक रान आहे. वेशीवर चर खणलेला आहे आणि तो ओलांडताना ‘पुढे धोका आहे’ अशी सूचना येते. (पोस्टमास्तर ती सूचना अथपासून इतीपर्यंत वाचतात आणि परत फिरतात. सरकारी नोकरीचा फायदा.) चराच्या पलीकडे माणसाने माणसाला मारण्याची मुभा. याचं शास्त्रीय नाव प्लेअर व्हर्सेस प्लेअर, लाडाचं नाव पीव्हीपी. तिथे मेलात तर अंगावरच्या सर्वांत महाग तीन वस्तू तुमच्याकडे राहतात, बाकी माल मारणाऱ्याचा. आणि तुम्हीच आधी कोणावर हात उगारला असेल तर डोक्यावर कवटीचं चिन्ह येतं आणि त्या तीनही जातात. गुण कोणी काढून घेत नाही, पण महिनाभर दळून जमवलेलं पीठ एका मिनिटात दुसऱ्याच्या डब्यात.

आता तुम्ही म्हणाल, नका जाऊ की रानात! पण खेळ बोलावतो ना. गुप्त खजिन्याच्या ज्या चिठ्ठ्या मिळतात, त्यांतल्या वरच्या दर्जाच्या काही चिठ्ठ्या तुम्हाला कुदळ घेऊन नेमक्या याच रानात पाठवतात. काही मोठे राक्षस तिथेच. चांगली मिळकत तिथेच. सत्यनारायणाचा प्रसाद मांडवात आणि चपला मात्र चोरांच्या गल्लीत काढायच्या, असा हा बेत.

न्यायाची सोय अगदीच नाही असं नाही. रानालाही पायऱ्या आहेत. पाचव्या पायरीवर असाल तर लढाईच्या पातळीत तुमच्याहून फार तर पाचने वर किंवा खाली असलेलाच तुमच्याशी भिडू शकतो. तिसाव्या पायरीवर गेलात की तीसने वर असलेलाही चालतो. म्हणजे जितके आत जाल तितका वजनगटाचा नियम सैल. त्यातही हुशार मंडळी आहेत. ती संरक्षणाचं कौशल्य मुद्दाम वाढवतच नाहीत, फक्त मारण्याचं वाढवतात. त्यामुळे कागदावर पातळी लहान दिसते आणि फटका मात्र राक्षसी बसतो. शालेय कबड्डीत चौदा वर्षांखालच्या संघाचा कॅप्टन दाढी करून मैदानात उतरलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

माझा भाचा या दाढीवाल्या संघातला. त्याला विचारलं, “अरे, त्या बिचाऱ्या हौशी माणसांना लुटण्यात कसला रे पराक्रम?” तो शांतपणे म्हणाला, “मामा, ते आलेच नाहीत तर आम्ही मारायचं कोणाला?”

या एका वाक्यात या खेळांचं सगळं अर्थशास्त्र आलं. हौशी खेळाडूला वाटतं की आपण गिऱ्हाईक. प्रत्यक्षात तो दुकानात मांडलेला माल असतो. रिचर्ड बार्टल नावाच्या गृहस्थांना हे फार आधी कळलं होतं. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने या खेळांचा मूळपुरुष रचायला घेतला, तेव्हा बार्टल त्याच्या जोडीला होते. पुढे १९९६ साली त्यांनी एक निबंध लिहून खेळाडूंचे पत्त्यांप्रमाणे चार रंग पाडले. धन जमवणारे ते चौकट, हिंडून खणत बसणारे ते इस्पिक, गप्पांचे भुकेले ते बदाम आणि दुसऱ्याला बडवण्यात ज्यांना आनंद ते किलवर. इंग्रजीत त्यांना ‘किलर’च म्हटलं आहे. आपल्या पूर्वजांनी त्या रंगाला किलवर हे नाव कोणत्या दूरदृष्टीने दिलं कोण जाणे! बार्टल यांचं म्हणणं असं की किलवर फार झाले की बदाम आणि चौकट पान टाकून उठून जातात. मग डाव खेळायचा कोणाशी?

मग रान बंदच करून टाकावं? तोही प्रयोग झाला आहे. खेळातलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून डिसेंबर २००७ मध्ये रूनस्केपच्या चालकांनी रानातली मोकळी मारामारीच काढून टाकली. मोठाच गिल्ला झाला. अखेर प्रकरण मतदानाला गेलं. दहा लाखांहून अधिक मतं पडली, दहातल्या नऊ जणांनी ‘परत आणा’ म्हणून सांगितलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रान पुन्हा खुलं झालं. ही सगळी मतं लांडग्यांची असतील असं मला वाटत नाही. पुष्कळ मेंढरांनीही दिली असणार. कारण ज्या रानात कोणीच कोणाला खात नाही त्याला रान म्हणत नाहीत, नगरपालिकेची बाग म्हणतात. तिथे भेळ मिळते, पण छाती धडधडत नाही.

म्हणजे दळण हवं आणि मारामारीही हवी. बिघडतं कुठे? दळणाच्या हिशेबावर मारामारीचा निकाल लावला की बिघडतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या घराण्यातला सर्वांत थोर खेळ. २००५ साली त्यात मानाच्या चौदा पदव्या आल्या. माणसांना मारून मान मिळवायचा, दर आठवड्याला सगळ्यांची तुलना व्हायची आणि कमी खेळणाऱ्याचा जमलेला मान घटायचा. आता मान हा शौर्याने मिळावा की नाही? पण वरच्या पदव्या व्यवहारात त्यालाच मिळत, ज्याला झोप कमी आणि सुट्ट्या जास्त. मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस गेलात की सेनापतीचे हवालदार. डिसेंबर २००६ मध्ये ही पद्धत मोडीत काढावी लागली.

गंमत म्हणजे हौशी माणसाला खूश कसं ठेवायचं हे याच मंडळींना उत्तम कळतं. तो खेळ बाजारात येण्याआधी, चाचणीच्या काळात, फार वेळ खेळणाऱ्याचे गुण ‘थकवा’ म्हणून निम्मे करत. लोक खवळले. तेव्हा चालकांनी निम्म्याला ‘नेहमीचे’ म्हणायला सुरुवात केली आणि विश्रांती घेऊन येणाऱ्याला ‘दुप्पट’ द्यायला लागले. आकडे तेच, पाट्या बदलल्या. लोक धन्य झाले! आधी भाव चढवून मग दिवाळीची सूट देणारे आमचे कापडवाले यापेक्षा वेगळं काय करतात? पण या लबाडीत एक सौजन्य होतं. दिवसभर कामावर जाऊन येणाऱ्याला ‘या, बसा, तुमची आठवण काढली होती’ असं म्हटल्यासारखं होतं.

तेच सौजन्य लढाईत दाखवता येतं, हेही सिद्ध झालं आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’ने २००० साली सरळ एका राज्याची दोन राज्यं केली. तीच शहरं, तेच रस्ते, पण एकात मनाविरुद्ध मरण नाही आणि दुसऱ्यात पूर्वीचीच बेबंदशाही. वॉरक्राफ्टने २०१८ साली लढाईला चक्क विजेच्या दिव्यासारखं बटण बसवलं. ज्याला हौस त्याने ते चालू करावं आणि जोखमीबद्दल थोडे जास्त गुण घ्यावेत. पण माझं मत ‘गिल्ड वॉर्स २’ला. २०१२ सालच्या या खेळात लढाईचा आखाडा वेगळा ठेवला आहे. त्यात पाऊल टाकलं की सगळ्यांची पातळी आणि शस्त्रांची ताकद सारखी. तुम्ही वर्षभर दळत होतात की काल आलात, याची दारात चौकशी नाही. मग जो हरतो तो कौशल्यात हरतो आणि मुकाट्याने घरी जातो.

आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांत हे ज्ञान जुनंच आहे. पंच दोन्ही पैलवान न्याहाळून जोड लावतात आणि मगच हलगी घुमते. पैलवान तालमीत हजार जोर काढतो तेही दळणच, पण त्याचा दंड त्याच्या खांद्याला राहतो. खेळात जोर तुम्ही काढता आणि दंड वाढतो तो सोंगाचा. तुमची वाढते ती फक्त मानदुखी. मग निदान कुस्तीची जोड तरी कोणाचे किती तास फुकट गेले यावर लागू नये. कॉलेजच्या सुट्टीतल्या मुलाचे दहा तास आणि दोन पोरं झोपवून बसलेल्या माणसाचा अर्धा तास घड्याळाच्या हिशेबात एक नाहीत. पण त्या माणसाची सबंध दिवसातली स्वतःची इस्टेट म्हणजे तेवढा अर्धा तासच असतो. करमणुकीच्या नावाखाली त्याच्याकडून तो घ्यायचा आणि वर तो कमी पडला म्हणून त्याला बडवायचं, याला खेळ म्हणत नाहीत. हे तर त्याला ऑफिसात फुकट मिळतं.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण आपण नेहमी आंधळ्याला हिणवण्यासाठी वापरतो. कुत्र्याचाही त्यात फारसा दोष नाही, पीठ दिसलं की तोंड घालणं हा त्याचा स्वभाव. ज्याने घर बांधलं त्याला मात्र दोघंही दिसत होते. कुत्रं पाळू नये असं माझं म्हणणं नाही. गावात एकही कुत्रं नसेल तर रात्र रात्रीसारखी वाटत नाही. फक्त त्याला बांधायची जागा जात्यापाशी नसावी.