मौनाचा अर्थ : संगणकसमूहांवरील देखरेख-प्रणालींचे एक परीक्षण

अनेक संगणक एकत्र जोडून उभारलेल्या संगणकसमूहावर, म्हणजे ज्यास व्यवहारात क्लस्टर म्हणतात त्यावर, देखरेख ठेवणाऱ्या प्रणालींचा विचार आजवर बहुधा तंत्रज्ञांनीच केला आहे. आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु निरोप पाठविणे, ते स्वीकारणे आणि त्यांचा अर्थ लावणे हेच या प्रणालींचे सारे कार्य असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकासही त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार पोहोचतो, असे वाटते. प्रस्तुत लेखात नागिओस, गँग्लिया आणि प्रोमिथिअस या तीन मुक्तस्रोत प्रणालींचे परीक्षण एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचे आहे. यंत्राकडून निरोप येईनासा झाला, तर प्रणाली त्या मौनाचा अर्थ काय लावते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुढे राष्ट्रीय महासंगणन अभियानात उभारलेल्या 'परम' यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत देखरेखीची साधने म्हणून गँग्लिया व नागिओस यांची नावे आढळतात. सी-डॅकने स्वतः घडविलेल्या अशा साधनाचे 'सी-चक्षु' हे नावही बोलके आहे. जळगाव-धुळ्याकडील एखाद्या विभागाने पाच-सहा साधे संगणक जोडून लहानसा समूह उभारला, तरी त्यास हीच साधने विनामूल्य उपलब्ध असतात. साधन सर्वांस सारखे मिळते. त्याची मांडणी करण्याचे ज्ञान मात्र सारखे नसते.

एक अनुभव सांगतो. एका संस्थेत अहिराणीच्या ध्वनिमुद्रित संभाषणांतील शब्दांची गणना सहा संगणकांच्या समूहावर चालू होती. दिवस मे महिन्याचे होते, आणि खानदेशातील मे म्हणजे काय हे येथील वाचकांस सांगावयास नको. खोलीचे तापमान कळविणारा एक लहानसा प्रोग्रॅम सायंकाळी बंद पडला. रात्री वातानुकूलन यंत्रही थांबले. नागिओसच्या पडद्यावर मात्र शेवटचा निरोप, २७ अंश, हिरव्या रंगात पहाटेपर्यंत तसाच राहिला. दोन यंत्रे तापून बंद पडली तेव्हा इशारा आला खरा. पण तोवर एका विद्यार्थ्याचे अकरा दिवसांचे काम वाया गेले होते. प्रणालीने खोटे असे काहीच सांगितले नव्हते. जुने सत्य ती नव्या वेळी सांगत राहिली, एवढेच.

मौन एकाच प्रकारचे नसते, ही गोष्ट व्याकरणास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जे यावयास हवे होते त्याचे न दिसणे म्हणजे लोप. ज्याची मुळात अपेक्षाच नव्हती त्याच्या अभावास पाणिनीय परंपरा लोप म्हणत नाही. मराठीत 'घर' या शब्दास विभक्तिप्रत्यय लागलेला नसतो, तेव्हा ते न लागणेच प्रथमेची खूण ठरते. म्हणजे काय अपेक्षित आहे हे आधी ठरलेले असेल, तरच अभाव अर्थपूर्ण होतो. भुसावळसारखे जंक्शन ज्यांच्या नित्य परिचयाचे आहे त्यांस रेल्वेचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. गाडीचे अस्तित्व जाणण्यासाठी रुळांतून जो क्षीण विद्युत्प्रवाह सोडलेला असतो, तो कोणत्याही कारणाने खंडित झाला, तर मार्ग व्यापलेला आहे असेच मानले जाते व सिग्नल तांबडा होतो. तेथे मौनाचा अर्थ रचनेतच धोका असा ठरविलेला आहे. आता या निकषावर तिन्ही प्रणाली तपासू.

नागिओसचा शब्दसंग्रह या तिघींत सर्वांत विवेकी आहे. ईथन गाल्स्टॅड यांनी १९९९ साली ती 'नेटसेंट' या नावाने प्रसिद्ध केली. नाव पुढे बदलावे लागले, तरी संतवाचक ग्रीक शब्दाचा ध्वनी नव्या नावातही राहिला. तपासणीचे निष्कर्ष ती चार शब्दांत सांगते : ठीक, सावध, गंभीर आणि अज्ञात. अज्ञानास स्वतंत्र नाव देणे हे तिचे मोठे वैशिष्ट्य होय. मधले यंत्र बंद पडल्यास त्यापलीकडील यंत्रांस ती 'बंद' न म्हणता 'पोहोचता न येणारी' म्हणते, हा भेदही तितकाच सूक्ष्म आहे. परंतु जेथे ती स्वतः विचारावयास न जाता बाहेरून येणाऱ्या निरोपावर विसंबते, तेथे निरोपाच्या ताजेपणाची तपासणी मुळात बंद असते. ती सुरू करून मुदत घालून दिली नाही, तर शेवटचा शब्द अमर होतो. वर सांगितलेल्या रात्री नेमके हेच घडले.

गँग्लिया ही बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅट मॅसी यांनी आरंभिलेली प्रणाली. तिचे नाव शरीरातील चेतातंतूंच्या गाठींवरून घेतलेले आहे. प्रत्येक यंत्रावरील 'जीमॉन्ड' हा प्रोग्रॅम मापने पाठवितो आणि 'जीमेटाडी' ती गोळा करून साठवितो. ३.१ या आवृत्तीपासून मापनाची व्याख्या, म्हणजे त्याचे नाव, एकक व प्रकार, आणि त्याचे मूल्य ही वेगवेगळी पाठविली जातात. सर्वांनी सर्वांस ऐकावे अशी मांडणी असेल, तर नवागत इतरांकडून व्याख्या मागवून घेतो. पण निरोप एकाच ठिकाणी धाडण्याची मांडणी असेल आणि तो ग्राहक पुन्हा सुरू केला, तर तो जणू कोश हरवलेला वाचक होतो : मूल्ये येत राहतात, अर्थ लागत नाही. पडद्यावर यंत्रांची नावे दिसतात व आलेख रिकामे राहतात. नवशिका तारेवर किंवा फायरवॉलवर संशय घेतो. उपाय मात्र 'सेंड मेटाडेटा इंटर्व्हल' ही शून्यावर असलेली संख्या तीस सेकंदांसारखी काही ठेवणे एवढाच असतो.

यंत्राच्या मौनाविषयी गँग्लियाचा नियम स्पष्ट आहे. दर वीस सेकंदांनी अपेक्षित असलेला नाडीचा ठोका ऐंशी सेकंदांत आला नाही, तर ते यंत्र बंद समजले जाते. हे रेल्वेच्या न्यायास धरून आहे. दोष आहे तो बेरजेत. एकूण भाराच्या आलेखात केवळ जिवंत यंत्रे मोजली जातात. त्यामुळे यंत्र मेले ही वार्ता काम हलके झाले अशी वाचली जाण्याचा संभव राहतो.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली जन्मलेला प्रोमिथिअस निरोपाची वाट पाहत नाही; ठराविक अंतराने तो स्वतः प्रत्येक यंत्रास विचारतो, आणि उत्तर मिळाले की नाही हे 'अप' या मापात एक किंवा शून्य असे नोंदवितो. मौनाचेच मापन करण्याची ही कल्पना स्तुत्य आहे. तथापि 'तापमान पस्तीसपेक्षा अधिक असल्यास इशारा दे' असा नियम लिहिला आणि तापमानाची मालिकाच नाहीशी झाली, तर तुलनेस काही उरत नाही व इशाराही येत नाही. त्यासाठी अभावाचा, 'ॲब्सेंट'चा, नियम वेगळा लिहावा लागतो. विचारावयाच्या यंत्रांच्या यादीतूनच एखादे नाव गळाले, तर त्याचे शून्यही उरत नाही.

प्रत्येक मौनास धोका मानले, तर इशाऱ्यांचा भडिमार होऊन माणूस बधिर होईल, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर मौनाकडे दुर्लक्ष करणे हे नव्हे. नागिओस तपासणीच्या पहिल्या अपयशास कच्चे मानते आणि ठरलेल्या वेळा तेच घडल्यावर ते पक्के धरते. धीर धरणे आणि विसरून जाणे यांतील हा भेद मांडणी करणाऱ्याने राखला पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांस एवढेच सुचवावेसे वाटते. मर्यादेचे आकडे भरण्यापूर्वी प्रत्येक मापनापुढे त्याच्या मौनाचा अर्थ लिहून ठेवावा. नंतर एका यंत्राची तार काढून, एक प्रोग्रॅम थांबवून आणि ग्राहक पुन्हा सुरू करून, पडदा काय म्हणतो ते पाहावे. या तीन परीक्षांत जी मांडणी हिरवीच राहते, ती विश्वासास पात्र नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकास हे नवे वाटणार नाही. दप्तरात कागद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे तो म्हणत नाही. कागद असावयास हवा होता का, हे तो आधी विचारतो. देखरेख-प्रणालीकडूनही आपण त्याहून कमी अपेक्षा ठेवू नये.