पडद्याकडे न पाहणारी

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचे ‘न्यू यॉर्क मूव्ही’ हे १९३९ सालचे तैलचित्र न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. डावीकडे अंधारे सिनेमागृह, पडद्याचा एक तुकडा, एखाददुसरा प्रेक्षक. उजवीकडे भिंतीवरच्या विजेच्या दिव्याखाली निळ्या गणवेशातली तरुणी हनुवटीला हात लावून उभी आहे. प्रेक्षकांना जागा दाखवणे हे तिचे काम.

सौंदर्यवादी समीक्षा या चित्रात ‘आधुनिक माणसाचे एकाकीपण’ पाहते. मला हे अपुरे वाटते. ही तरुणी कामावर आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चित्र कसे पाहावे हे घरी कुणी शिकवले नाही. पण पाळी संपायची वाट पाहणारे माणूस कसे उभे राहते, ते मी घरातच पाहिले. तिला ‘मानवी एकाकीपणाचे प्रतीक’ म्हटले की तिची नोकरी पुसली जाते.

हॉपरने ती पुसलेली नाही. पडद्यावरचे स्वप्न त्याने करड्या-पांढऱ्या रंगात, अर्धेमुर्धेच दाखवले. दिव्याचा पिवळा उजेड, लाल पडदा, गणवेशाचा निळा रंग हे तैलरंगाचे सारे वैभव त्याने तिच्या बाजूला दिले. त्यासाठी थिएटरांत बसून पन्नासावर रेखाटने केली. तिच्यासाठी उभी राहिली ती त्याची पत्नी जोसेफाईन. ती स्वतः चित्रकार होती. तिची चित्रे मात्र नवऱ्याच्या नावाआड गेली.

तरी या उजेडालाही हद्द आहे. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या दाराने वरच्या गॅलरीत जावे लागे. काही थिएटरांत तर प्रवेशच नव्हता. या भेदाला देशभर कायद्याने बंदी आली ती १९६४ साली. हॉपरने न्यू यॉर्क रंगवले, दक्षिण नव्हे. त्याबद्दल त्याला आरोपी करण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या भाष्यकारांना आहे. या एका तरुणीच्या उदासीला तुम्ही साऱ्या मानवजातीची उदासी म्हणता, मग त्या गॅलरीतल्या माणसाला कोणत्या मानवजातीत धरता?

कला वैश्विक असते, असे आम्हाला वारंवार सांगितले जाते. असेलही. पण आधी दाराशी कामाला कोण उभे आहे आणि दाराबाहेर कोण राहिले, एवढे तरी समीक्षेने पाहावे.