‘भाग बदला’ सांगणारा तक्ता

रिमोटवर चालणारे मोठे ट्रक छंद म्हणून बाळगणारी मंडळी आता आपल्याकडेही दिसतात. दुकानातील साध्या खेळण्यांपेक्षा हे ट्रक वेगळे. त्यांचे बहुतेक भाग सुटे काढता येतात, विकत मिळतात आणि घरी बसवता येतात. ट्रकबरोबर एक माहितीपुस्तिका येते व तिच्या शेवटी बहुधा एक तक्ता असतो : बिघाड, कारण, उपाय. या लेखात आम्ही त्या तक्त्याची चिकित्सा करणार आहोत. पानभर तक्त्यावर लेख लिहिण्याजोगे काय आहे, असे वाचकांना वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग.

एका शाळेच्या विज्ञान मंडळाला असा ट्रक भेट मिळाला होता. सपाट जमिनीवर तो छान धावे, पण फळीच्या चढावर गचके देत थांबे आणि क्षणभराने पुन्हा निघे. मुलांनी तक्ता पाहिला. बॅटरी मल्टिमीटरने तपासली, ७.९ व्होल्ट भरली. ७.२ व्होल्टच्या बॅटरीला हे उत्तमच. मोटर मोकळी फिरत होती. मग उरला वेगनियंत्रक. दुकानदारानेही ‘कंट्रोलर गेला’ असेच सांगितले. मंडळाची शिल्लक त्यात गेली. नवा कंट्रोलर बसला आणि ट्रक चढावर तस्साच थांबला. आता दोष कोणाचा? शेवटी ट्रक चालवणाऱ्या मुलीने तो जोरात पळवून बिघडवला, असे ठरले. तिने मंडळात येणे बंद केले. तेव्हा शिक्षकांनी ट्रक आमच्याकडे आणला.

आम्ही प्रथम एकच गोष्ट पाहिली. ट्रक चढावर थांबतो त्या क्षणी पुढची चाके वळतात का? वळत नव्हती. चाके वळवणारी सर्व्हो मोटर आणि रिमोटचा संदेश घेणारा ग्राही यांना वीज कंट्रोलरमार्फतच मिळते. रिमोट हातभर अंतरावर असताना, फक्त चढावर, दोन्ही एकदम गप्प होतात, याचा अर्थ वीज तिथपर्यंत पुरत नाही. मग बॅटरी व कंट्रोलर यांच्यामधील कनेक्टरच्या मागच्या बाजूने मल्टिमीटरची टोके आत टेकवली आणि ट्रक चढावर असतानाच मोजमाप घेतले. बॅटरीच्या बाजूला ७ व्होल्ट, कंट्रोलरच्या बाजूला सुमारे ४. मल्टिमीटर संथ असतो, क्षणिक घसरण याहूनही खोल असणार. मधले ३ व्होल्ट कनेक्टरमध्येच नाहीसे होत होते. बॅटरीकडील अर्ध्या कनेक्टरची धातूची नळी सैल होऊन काळी पडली होती. नव्या कंट्रोलरबरोबर कनेक्टरचा दुसरा अर्धा भाग नवा आला, हा मात्र जुनाच राहिला. तो बदलताच ट्रक चढला.

याचे गणित नववी-दहावीचेच आहे. चढावर मोटरीला १५ अँपिअर धारा लागते असे धरू. सांध्याचा रोध ०.२ ओहम असेल तर तेथे १५ × ०.२ = ३ व्होल्ट खर्च होतात आणि ३ × १५ = ४५ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीइतकी! प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळतात ते यामुळेच. ट्रक उभा असताना मात्र धारा जवळजवळ शून्य असते. शून्य गुणिले ०.२ म्हणजे शून्य. म्हणून बॅटरी, सांधा, वायर सारे निर्दोष दिसते. मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवरही हा रोध उमगत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध साधारण तितका असतो.

आता तक्त्याकडे वळू. त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. तो स्वस्त आणि नेहमीच्या कारणापासून, म्हणजे बॅटरीपासून, सुरुवात करतो. हा क्रम योग्य आहे. पण त्यात तीन उणिवा आम्हाला दिसतात.

पहिली, लक्षण ढोबळ आहे. ‘ट्रक मध्येच थांबतो’ एवढ्याने भागत नाही. थांबल्यावर चाके वळत असतील, तर ग्राही शाबूत असून कंट्रोलरने मोटर मुद्दाम बंद केली आहे. तो तापला असेल किंवा विभवांतर त्याच्या मर्यादेखाली गेले असेल. लिथियम बॅटरीसाठी ठेवलेली मर्यादा निकेल बॅटरी जोडताना बदलायची राहून गेली, तर असे हमखास होते. दोन लिथियम घटांसाठी ही मर्यादा साधारण ६.४ व्होल्टच्या आसपास असते. सहा निकेल घटांची बॅटरी चढावर तिथपर्यंत सहज घसरते. येथे काहीच बिघडलेले नसते, फक्त मांडणी बदलायची असते.

दुसरी, ‘कारण’ आणि ‘उपाय’ यांच्यामध्ये ‘तपासणी’ हा रकानाच नाही. मोटर खराब, मोटर बदला. कंट्रोलर खराब, विक्रेत्याला भेटा. खराब आहे हे कसे कळले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तिसरी, यंत्र बदलले तरी तक्त्याची विचारपद्धती जुनीच राहिली. जपानच्या तामिया कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ हा दोन मोटरींचा ट्रक १९८७ साली आला, तेव्हा त्यात यांत्रिक वेगनियंत्रक होता. धातूचा स्पर्शक सरके आणि कमी वेगात धारा रोधकांतून जाई. स्पर्शक काळा पडला की डोळ्यांना दिसे. आजच्या कंट्रोलरमध्ये ट्रान्झिस्टर दर सेकंदाला हजारो वेळा धारा चालू-बंद करतात आणि बाहेरून दिसते ती बंद डबी. जिथे डोळा पोचत नाही तिथे मोजमाप पोचले पाहिजे.

पण सगळा दोष पुस्तिकेवर ढकलणे बरोबर नाही. ‘७.९ व्होल्ट म्हणजे बॅटरी आणि जोडण्या ठीक’ हे मुलांना कोणी शिकवले? आपल्या वर्गातील गणितांत घटाचे विभवांतर दिलेले असते आणि ते कधी ढळत नाही. वायरींना रोध नसतो, सांधे तर आकृतीत नसतातच. गणित सोपे व्हावे म्हणून हे ठीक. मात्र आपण काय गृहीत धरले, हे सांगायचे राहून गेले की मुले त्या गृहीतालाच वस्तुस्थिती समजतात.

हे दाखवायला ट्रक लागत नाही. एक जुना आणि एक नवा पेन्सिल सेल घ्या. आधी दोन्ही नुसते मोजा. मग दोन्हींना टॉर्चचा एकसारखा बल्ब जोडून बल्ब पेटलेला असताना मोजा. नुसते मोजताना किरकोळ वाटणारा फरक बल्ब जोडल्यावर ठळक होईल. त्यानंतर बल्बच्या वायरीत एक गंजका खिळा जोडा आणि खिळ्याच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजा. ट्रकवर प्रयोग करायचाच असेल, तर मल्टिमीटर व्होल्टच्या पट्टीवरच ठेवा. अँपिअरच्या पट्टीवर ठेवून बॅटरीला लावला तर तो शॉर्ट सर्किटच ठरेल. लिथियम बॅटरी मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका.

त्या शाळेत आता तक्त्याला हाताने आखलेला चौथा रकाना आहे : ‘कसे तपासाल?’ त्यातील पहिल्या तीन ओळी त्या मुलीने लिहिल्या आहेत. आपापल्या शाळेतील पंखा, घंटा, टॉर्च यांसाठी असे चार रकान्यांचे तक्ते मुलांकडून करून घ्यावेत, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे.