अतिवास्तववाद आणि फ्रेंच काव्यपरंपरा
फ्रेंच साहित्यातील अतिवास्तववादी संप्रदायाने परंपरेशी फारकत घेतल्याची घोषणा केली. तथापि त्याची मुळे प्रतीकवादात रुजलेली होती. ‘अतिवास्तववादी’ ही संज्ञाही ग्यीयोम आपॉलिनेर (१८८०–१९१८) ह्याने १९१७ मध्ये प्रथम वापरलेली. संप्रदायाचा प्रणेता आंद्रे ब्रताँ (१८९६–१९६६) ह्याच्या आरंभीच्या कवितांवर मालार्मेची दाट छाया आहे. ल्वी आरागाँ आणि फिलीप सूपो ह्यांच्यासह त्याने १९१९ मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे ‘साहित्य’ ह्या अर्थाचे नाव मालार्मेचाच शिष्य पॉल व्हालेरी ह्याने सुचविले. तरुणांनी ते उपरोधाने स्वीकारले. त्यातच त्यांनी लोत्रेआमाँचे विस्मृतप्राय लेखन पुनर्मुद्रित केले. जुने पूर्वज अव्हेरताना नवे पूर्वज शोधण्याची ही धडपड त्यांच्या जाहीरनाम्यांइतकीच बोलकी आहे.

खरा बदल झाला तो रचनाप्रक्रियेत. मालार्मे एकेका शब्दासाठी झुंजला. ब्रताँ व सूपो ह्यांनी विवेकाचे नियंत्रण झुगारून स्वयंचलित लेखन केले. ते १९२० मध्ये ग्रंथरूपाने आले आणि १९२४ च्या जाहीरनाम्यात ह्या पद्धतीला तात्त्विक अधिष्ठान मिळाले. तिने चकित करणाऱ्या प्रतिमा दिल्या, तसा तोचतोपणाही आणला. तिच्या इतिहासातील अपयश खुद्द ब्रताँनेही १९३३ मध्ये मान्य केले.

ह्या प्रतिमासृष्टीला वेगळी धार आली ती फ्रान्सबाहेर. मार्तिनीकचा कवी एमे सेझेर (१९१३–२००८) ह्याचे मायभूमीला परतण्याविषयीचे दीर्घकाव्य १९३९ मध्ये, म्हणजे १९४१ मधील ब्रताँच्या भेटीपूर्वीच, प्रसिद्ध झाले होते. रँबो व लोत्रेआमाँ ह्यांचा वारसा त्यानेही घेतला. मात्र त्याच्या काव्यातील स्फोटक भाषेचा रोख वसाहतवादावर होता.