परदेशी अकरा, पण परदेशी कोण?

आर्सेनलच्या चाहत्यांना क्लबचा सर्वोत्तम परदेशी संघ निवडायला सांगा. पुढची फळी मिनिटभरात तयार होते. ऑन्री, बर्गकाम्प, पिरेस, मागे व्हिएरा. गाडी अडते ती डाव्या बचावपटूपाशी. सॅन्सम, विंटरबर्न, अ‍ॅशली कोल हे तिघेही इंग्लिश, म्हणून मग क्लिशी नाहीतर सिल्विन्यो. वेंगरने १९९८मध्ये लीग जिंकली तेव्हा बचावफळी जवळपास सगळी इंग्लिशच होती, हे या अडलेल्या जागेवरूनच कळतं.

डेव्हिड ओलिअरीला वगळणं मात्र खटकतं. ७२२ सामने, क्लबचा विक्रम. खेळला आयर्लंडकडून, जन्मला लंडनमध्ये. लिअम ब्रेडी तर थेट डब्लिनचा. तरी दोघांना सहसा ‘परदेशी’ धरत नाहीत. इंग्लंडमध्ये १९३१ ते १९७८ परदेशी खेळाडूंवर जवळपास बंदीच होती, आयरिश मुलं मात्र येतच राहिली. चाहत्यांची यादी नकळत तोच जुना नियम पाळते. (पासपोर्ट मोजायचा की जन्मगाव, हा घोळ आपल्या घरांत काही नवा नाही.) ओलिअरीबद्दल वाद घाला हवा तर. ब्रेडीला मी घेणारच, पिरेसला बाकावर बसवून.