निवासाची निवड आणि प्रवासाच्या सवयी : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एका गृहीतकाची चिकित्सा

वस्तीची रचना आणि रहिवाशांच्या प्रवासाच्या सवयी यांचा परस्परसंबंध हा नगरनियोजनशास्त्रातील बहुचर्चित विषय होय. रॉबर्ट सर्व्हेरो व कारा कॉकेलमन यांनी १९९७ मध्ये घनता, विविधता व रचना ही त्रिसूत्री मांडली. २००५ मध्ये सुसान हँडी, काओ व मोख्तारियन यांनी उत्तर कॅलिफोर्नियातील अभ्यासातून मूलभूत शंका पुढे आणली : वस्ती सोयीची असल्यामुळे माणूस पायी चालतो, की चालण्याची आवड असल्यामुळे तो तशी वस्ती निवडतो? ही शंका मार्मिक आहे. तथापि तीत घर निवडण्याचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत हे गृहीतक अपुरे पडते.

या तालुक्यांच्या बागायती पूर्व भागात अनेक कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात राहतात. ही निवड खरी. परंतु ती प्रवासाच्या आवडीतून नव्हे, तर पाणी व पीक यांच्या राखणीतून होते. शिवाय शेतकऱ्याची शेतापर्यंतची वाट मिटते, तेव्हा मुलांची शाळेची वाट लांबते. उसातील बिबट्याच्या भीतीने सांजवेळचे पायी चालणेही आक्रसते. त्रिसूत्रीत या भीतीला स्थान नाही.

पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी पट्ट्यात तर निवडीचा प्रश्नच अनेकदा गौण ठरतो. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम लक्षात आले ते एस.टी.च्या चालकाच्या. बाहेरच्या जगाशी असलेला त्या गावाचा दुवा किती क्षीण होता, हे यावरून ध्यानात यावे. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवी वसाहत उभारून २०१७ मध्ये घरे देण्यात आली.

अशा वसाहतींत रहिवाशांनी जागा आवडीनुसार निवडलेली नसते. त्यामुळे जागेचा प्रवासावरील परिणाम तेथे आवडीपासून वेगळा काढून पाहता येतो. म्हणजेच उपरोक्त शंका त्याज्य नाही; तिचे एकक बदलावयास हवे. व्यक्तीऐवजी कुटुंब आणि आवडीबरोबरच निरुपाय विचारात घ्यावा लागेल. घर हलविता येते, शेत हलविता येत नाही. म्हणून पुनर्वसनाचे मूल्यमापन घरांच्या संख्येवर न थांबता शेत, शाळा, दवाखाना व एस.टी. थांबा यांच्या रोजच्या अंतरावरून होणे अगत्याचे आहे.